गिरणी सुरू झाली की कॉम्प्युटर का रेंगाळतो?



गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या गावांतल्या गटांनी मला एकच तक्रार सांगितली. शेडमध्ये मिरची कांडप किंवा पिठाची गिरणी चालू असली की कोपऱ्यातला कॉम्प्युटर रेंगाळतो. कॅशबुकची फाईल उघडायला जावं, तर पडद्यावर ते गोल चक्र नुसतं फिरत राहतं. गिरणी बंद झाली, बायका डबे घेऊन घरी गेल्या, की तोच कॉम्प्युटर नीट चालतो.

एका गावात दुरुस्तीला आलेल्या मुलाने सांगितलं, व्हायरस आहे. दुसऱ्या गावात सांगितलं, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. तिसऱ्या गावातल्या अध्यक्षताईंनी विजेवर संशय घेतला. गिरणी वीज ओढते, मग कॉम्प्युटरला कमी पडत असणार. तो संशय अगदीच वाया जाणारा नाही, कारण गिरणी सुरू होताना व्होल्टेज पडतं हे खरंच. पण व्होल्टेज फार पडलं तर कॉम्प्युटर बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. तो असा तासन् तास रेंगाळत बसत नाही.

मग मी एक साधी गोष्ट करून बघायला सांगितली. एक मोठी फाईल घ्यायची, ट्रेनिंगच्या व्हिडिओची वगैरे, आणि ती त्याच कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. एकदा गिरणी बंद असताना, एकदा चालू असताना. बंद असताना चहा उकळून गाळेपर्यंत कॉपी झाली. गिरणी चालू केल्यावर चहा पिऊन कप विसळून झाले तरी काम चालूच होतं. फाईल तीच, कॉम्प्युटर तोच. बदललं होतं ते एवढंच, की आता टेबल थरथरत होतं.

या कॉम्प्युटरमध्ये ग्रामसंघातल्या सगळ्या गटांची कर्ज खतावणी होती, ऑडिटचे कागद होते, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आपल्या रेडिओसाठी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं. त्यातल्या दोघी आता नाहीत. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

कॉम्प्युटरचा जो खोका असतो, ज्याला आपण सगळेच सीपीयू म्हणतो, त्याच्या आत एक धातूची डबी असते. जाडजूड पाकिटाएवढी. ती हार्ड डिस्क. कोणी तिला हार्ड ड्राइव्ह म्हणतात, एकच वस्तू. आपण जे जे साठवतो ते सगळं तिच्यात असतं. तिच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या एका दांड्यावर गरगर फिरतात. साध्या डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. मोठ्या डिस्कमध्ये चकतीच्या काठाचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्या एसटीच्या दुप्पट धरा.

या चकतीवर लोहचुंबकाचा एक पातळ थर असतो. त्यावर गोल गोल रेघा असतात, नांगराच्या तासांसारख्या, फक्त वर्तुळात. या रेघांना ट्रॅक म्हणतात. एका बारीक दांडीच्या टोकाला छोटा मणी असावा तसं एक डोकं असतं, त्याला हेडच म्हणतात. ते या रेघांवरून माहिती वाचतं आणि लिहितं. लिहिणं म्हणजे शाईने नाही. त्या जागेचं चुंबकत्व एका दिशेला किंवा उलट दिशेला करायचं, एवढंच.

हे हेड चकतीला टेकत नाही. फिरत्या चकतीबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्यावर ते तरंगतं. किती उंचावर? आजच्या डिस्कमध्ये लिहिता-वाचताना दोन-चार नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केस तर सोडाच, धुराचा कणसुद्धा या फटीत मावणार नाही. म्हणूनच ती डबी कधी उघडायची नसते. कोणी पंख्याखाली बसून उघडतो म्हणाला, तर त्याच्या हातात देऊ नका.

आता खरी गोष्ट आहे ती रेघांच्या रुंदीची. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये अमेरिकेत विकायला काढली. तिच्यात ५० चकत्या होत्या, प्रत्येक दोन फूट रुंद, सगळं मिळून वजन टनाच्या आसपास. कपाटाएवढं धूड. आणि त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाईलने काढलेला एखादा फोटो तेवढा होतो. त्या डिस्कवर एका इंचात २० रेघा होत्या. आजच्या मोठ्या डिस्कवर एका इंचात चार लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त रेघा असतात. एका केसाच्या जाडीत हजाराच्या वर रेघा बसतात. जागा तेवढीच आणि माल हजारो पट जास्त ठेवायचा, म्हणून रेघा बारीक बारीक होत गेल्या.

एवढ्या बारीक रेघेवर हेड धरून ठेवायचं म्हणजे काय, ते आपल्या कामातून बघू. शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंनी आठवून पाहावं. घरी बसून सुईत दोरा ओवणं सोपं. तेच खड्ड्याच्या रस्त्यावर एसटीत बसून ओवायचं म्हटलं तर? हात तोच, नजर तीच, पण बस हलली की दोरा नाकाच्या बाजूने जातो. हार्ड डिस्कचं हेड सतत तेच करत असतं. चकतीवर ठरावीक अंतरावर खुणा असतात. त्या वाचून हेड सेकंदाला हजारो वेळा स्वतःला सांगतं, अरे, थोडं डावीकडे सरक, थोडं उजवीकडे सरक. टेबल हललं, टेबलामुळे खोका हलला, खोक्यामुळे डबी हलली, की हेड रेघेवरून सरकतं. ते लगेच सावरतं, पण तेवढ्यात चकती पुढे निघून गेलेली असते.

आणि इथे वेळ जातो. चकती फिरतेय, हेड जागेवर आहे. हवी असलेली जागा हेडखालून निघून गेली तर हेडला तिच्या मागे पळता येत नाही. ती जागा पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत थांबावं लागतं. सकाळची गाडी चुकली की आपण दुपारच्या गाडीची वाट बघत थांब्यावर बसतो, तसंच. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये एक फेरी म्हणजे सेकंदाचा एकशेविसावा भाग. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? एका वेळेने काहीच नाही. पण एका मोठ्या फाईलसाठी अशा शेकडो, हजारो फेऱ्या लागतात. टेबल सतत थरथरत असेल आणि प्रत्येक वेळी नऊ वेळा गाडी चुकून दहाव्यांदा मिळाली, तर मिनिटाचं काम दहा मिनिटांचं झालं. डिस्क मोडलेली नाही, माहितीही गेलेली नाही. फक्त हेड थांब्यावर उभं आहे.

वाचताना आणि लिहिताना यात फरक पडतो, तो समजून घ्या. वाचताना हेड जरा सरकलं तर चुकीचं वाचलं जातं. ते डिस्कला कळतं आणि ती पुन्हा वाचते. नुकसान काही नाही. पण लिहिताना हेड सरकलं तर शेजारच्या रेघेवर लिहिलं जाईल आणि तिथलं आधीचं पुसलं जाईल. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखं. म्हणून लिहिण्याच्या बाबतीत डिस्क फार कडक असते. हेड रेघेच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढं जरी बाजूला गेलं, तरी ती लिहिणं तिथल्या तिथे थांबवते आणि सगळं स्थिर झाल्यावर पुढच्या फेरीला लिहिते. त्यामुळे गिरणी चालू असताना फाईल उघडायला थोडा वेळ लागतो, पण साठवायला, कॉपी करायला फारच वेळ लागतो. तुम्हीही बघितलं असेल. तुमचा हिशेब बिघडू नये म्हणून डिस्क स्वतःहून थांबते. मला तरी तिचं हे वागणं शहाणपणाचं वाटतं.

थरथर म्हणजे फक्त गिरणीची असं नाही. आवाज म्हणजेसुद्धा हवेची थरथरच. २००८ सालच्या शेवटी ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरने याचा एक व्हिडिओ केला, तो जगभर गाजला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत डिस्कांनी भरलेली कपाटं होती. हा माणूस त्या कपाटासमोर तोंड नेऊन जोरात ओरडला. बाजूच्या पडद्यावर आलेखात लगेच दिसलं, डिस्कांना काम करायला लागणारा वेळ एकदम वर गेला. बैल ओरडल्याने दचकतो, यंत्रही दचकतं, हे तेव्हा लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण रोमानियात याची मोठी किंमत मोजावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्ट शहरात आयएनजी बँकेच्या कॉम्प्युटर केंद्रात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी होती. आग लागली तर पाण्याऐवजी वायू सोडायचा, अशी ती यंत्रणा. पाण्याने यंत्रं खराब होतात, वायूने होत नाहीत, म्हणून ती बसवलेली. चाचणीत वायू नळ्यांतून इतक्या जोरात सुटला की कानठळ्या बसवणारी शिटी झाली. त्या आवाजाच्या थरथरीने कित्येक हार्ड डिस्क निकामी झाल्या. बँकेचं कार्ड, एटीएम, इंटरनेटवरचे व्यवहार सुमारे दहा तास ठप्प. आग लागलीच नव्हती.

आणखी एक गंमत. अमेरिकेतल्या जॅनेट जॅक्सन यांचं ‘रिदम नेशन’ हे १९८९ सालचं गाणं आहे. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये जुन्या दिवसांतली हकिकत लिहिली. एका कंपनीच्या लॅपटॉपवर हे गाणं वाजवलं की लॅपटॉप बंद पडायचा. शेजारी ठेवलेला, गाणं न वाजवणारा लॅपटॉपसुद्धा बंद पडायचा. झालं असं होतं, की त्या गाण्यातला एक विशिष्ट सूर आणि त्या लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कची स्वतःची कंपनं एकमेकांशी जुळत होती. कंपनीने शेवटी आवाजातून तेवढा सूर गाळून टाकायची सोय लॅपटॉपमध्ये केली.

हे जुळणं म्हणजे काय ते नागपंचमीला झोका घेतलेल्या सगळ्यांना माहीत आहे. झोक्याला योग्य वेळी हलकासा धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. घरात फडताळावरची भांडी बघा. बाहेरून मोठा ट्रक गेला तरी वाजत नाहीत, पण एखाद्या विशिष्ट ट्रॅक्टरचा आवाज आला की खणखणायला लागतात. म्हणून कोणतं यंत्र जास्त त्रास देईल ते नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. शेवयांचं मशीन कदाचित गिरणीपेक्षा जास्त छळेल. करून बघणं हाच उपाय.

आता करायचं काय, ते सांगते. सगळ्यात उत्तम म्हणजे कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवणं. ते जमत नसेल तर निदान गिरणीच्या ओट्याला, चौथऱ्याला चिकटलेलं टेबल नको आणि त्याच भिंतीवर ठोकलेली फळीही नको. भिंत थरथर पोचवते. वेगळं, जड टेबल घ्या. त्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, जुन्या टायरचे चालतात. खोक्याखालीही रबर ठेवा. पण आत डिस्क मात्र स्क्रूने घट्ट बसलेली पाहिजे. काही जण खोका उघडून डिस्क स्पंजवर मोकळी ठेवतात, कापडात गुंडाळतात. तसं करू नका. हेडची दांडी इकडून तिकडे झेपावते तेव्हा मोकळी डिस्क तिच्याच धक्क्याने हलते, शिवाय गुंडाळल्याने तापते. आणि टेबलावर स्पीकर असेल तर तो खाली उतरवा. हळदीकुंकवाला, जयंतीला, गणपतीला शेडमध्ये साउंड लागणार असेल, तर त्या दिवशी कॉम्प्युटर बंद ठेवा.

मोठी कॉपी, बॅकअप, ऑडिटच्या आधीची आवराआवर ही कामं गिरणी बंद असताना करा. यात पैसा जात नाही, फक्त वेळ ठरवायची आहे.

इथपर्यंतचं सगळं थरथरीचं. पण एका गटाचा कॉम्प्युटर गिरणीपासून लांब, ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. तरी त्यांची नवीन घेतलेली पोर्टेबल डिस्क, ती वायरने जोडायची छोटी असते ती, पहिली पंधरा-वीस मिनिटं वाऱ्यासारखी चालते आणि मग गोगलगाय होते. तिथे गिरणी नाही, डीजे नाही. त्याचं कारण डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीत आहे. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही, म्हणून नीट ऐका.

पूर्वी चकतीवरचे चुंबकाचे कण आडवे ठेवल्यासारखे असायचे. कडब्याच्या पेंढ्या जमिनीवर आडव्या टाकल्या तर जागा खूप अडते, उभ्या केल्या तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतात. तसं चुंबकत्व उभं करायची कल्पना जपानमधल्या तोहोकु विद्यापीठातले शुनिची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात मांडली. बाजारात त्या पद्धतीची पहिली डिस्क तोशिबा कंपनीने २००५ मध्ये आणली. आता सगळ्याच डिस्क उभ्या पद्धतीच्या आहेत. पण कंपन्यांना अजून जास्त माल त्याच चकतीवर बसवायचा होता. त्यातून दुसरी युक्ती निघाली, ती आपल्याला लगेच समजेल, कारण ती आपल्या घराच्या छपरावर आहे.

हेडचे दोन भाग असतात. लिहिणारा भाग रुंद असतो, वाचणारा अरुंद. रंगाच्या ब्रशने पट्टा ओढायचा आणि बोटाच्या टोकाने तो चाचपायचा, असं समजा. लिहिलेला पट्टा रुंद असला तरी वाचायला त्याचा थोडा भाग उघडा असला तरी पुरतो. मग कंपन्यांनी केलं काय, की दुसरा पट्टा पहिल्यावर थोडा चढवून लिहायचा, तिसरा दुसऱ्यावर चढवायचा. कौलारू छपरावर कौलं एकमेकांवर चढवतात अगदी तसं. या पद्धतीला एसएमआर म्हणतात आणि त्यातल्या एस अक्षराच्या शब्दाचा अर्थच मुळी छपराला कौलासारख्या लावतात त्या फळ्या असा आहे. रेघा शेजारी शेजारी, एकमेकींना न झाकता लिहितात त्या जुन्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. २०१३ च्या सुमारास एसएमआर डिस्क बाजारात यायला लागल्या.

आता कौलांचं घर असणाऱ्यांना विचारा. मधलं एक कौल फुटलं तर काय करावं लागतं? त्याच्यावर चढवलेली वरची कौलं आधी उचलावी लागतात, फुटलेलं बदलायचं, मग काढलेली परत ओळीने लावायची. एसएमआर डिस्कमध्ये मधली एक ओळ बदलायची असेल तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या सगळ्या ओळी आधी वाचून बाजूला ठेवायच्या, ती ओळ बदलायची, मग पुढच्या सगळ्या पुन्हा लिहायच्या. सगळी चकती पुन्हा लिहावी लागू नये म्हणून अशा ओळींचे गट पाडलेले असतात, छपराला मध्ये मध्ये वळचण असावी तसे. तरी एका छोट्या बदलासाठी एका गटाएवढं लिहिणं आलंच.

मग पहिली पंधरा-वीस मिनिटं ती जोरात कशी चालते? कारण या डिस्कला एक ओटा असतो. शेतातून माल आला की आपण आधी ओट्यावर टाकतो, मग सवडीने निवडून कणगीत, कोठीत लावतो. डिस्कवरही थोडी जागा साध्या पद्धतीने लिहायला राखलेली असते. आलेला माल ती आधी तिथे पटपट टाकते. तुम्ही काम थांबवलं की ती आतल्या आत कौलं रचत बसते. पण तुम्ही एकदम खूप माल आणला, शंभर-दोनशे जीबीचे व्हिडिओ एका दमात टाकले, तर ओटा भरतो. आता घ्यायचंही आणि लावायचंही, दोन्ही एकाच वेळी. सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे असलेला वेग दहा-वीसवर येतो, कधी त्याहून खाली. ही डिस्क खराब नाही. तिला सवड द्या. आणि वैतागून वायर उपटू नका. खालच्या कोपऱ्यातून सुरक्षितपणे काढण्याचं बटण दाबूनच काढा. कॉपी संपल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच जोडून ठेवली तर आणखी चांगलं, आतली आवराआवर होऊन जाते.

खिशात मावतात त्या १ टीबीच्या पुढच्या पोर्टेबल डिस्कांपैकी बहुतेक आता एसएमआरच असतात. त्यात गैर काही नाही. जे एकदा लिहून ठेवायचं आणि फक्त ऐकायचं-बघायचं, त्यासाठी त्या ठीक आहेत. आपल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, जुने फोटो, मागच्या वर्षांची ऑडिटं, खुशाल ठेवा. जिथे चोवीस तास लिहिणं-पुसणं चालतं, किंवा एका खोक्यात चार डिस्क जोडून वापरतात, तिथे मात्र त्या अडखळतात.

आणि गैर झालं होतं ते वेगळंच. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या लाल लेबलच्या काही डिस्क चार-चार एकत्र जोडून वापरायच्या म्हणूनच विकल्या जात होत्या. त्यातल्या काही कंपनीने न सांगता एसएमआर केल्या. लोकांच्या डिस्क जोडणीतून बाहेर फेकल्या जायला लागल्या, तेव्हा त्यांनी शोध घेतला. एप्रिल २०२० मध्ये कंपनीला ते मान्य करावं लागलं. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही डिस्कांबद्दल तेव्हाच कळलं. अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले, वेस्टर्न डिजिटलने पुढे तडजोड करून भरपाई दिली. त्यानंतर कंपन्या कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं ते आपल्या माहितीपत्रकात देऊ लागल्या. किराणा घेताना आपण भेसळ बघतो, वजन बघतो. हजारो रुपयांची डिस्क घेताना मॉडेल नंबर बघायला लाजायचं कशाला? दुकानात उभं राहूनच मोबाईलवर तो नंबर शोधा. दुकानदाराला सीएमआर की एसएमआर हे सांगता येत नसेल, तर बिलावर मॉडेल नंबर तरी लिहून घ्या.

गिरणीच्या शेडमध्ये एसएमआर डिस्क म्हणजे दुहेरी दुखणं. रेघा बारीक, म्हणून थोडी थरथरही जाणवते. आणि एका बदलासाठी जास्त लिहावं लागतं, म्हणजे गाडी चुकायच्या वेळाही जास्त. अशा ठिकाणी रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरला मी एसएसडी घ्या असंच सांगते. एसएसडीमध्ये चकती नाही, हेड नाही, फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप असतात. तिच्यासमोर गिरणी चालवा नाहीतर ढोल वाजवा, तिला फरक पडत नाही. आपल्या कॅशबुकच्या, खतावणीच्या फायली इतक्या लहान असतात की लहानातली लहान एसएसडी पुरते. जुन्या कॉम्प्युटरलाही ती बसते, त्यामुळे नवीन कॉम्प्युटर घ्यायचा ठराव करण्याआधी एवढं विचारा. फक्त एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडून राहील अशा साठवणीसाठी नाही. त्या कामाला हार्ड डिस्क बरी. म्हणजे काम एसएसडीवर आणि नक्कल हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क शेडमध्ये न ठेवता एखाद्या सदस्येच्या घरी कपाटात ठेवायची.

नेताना-आणताना एक लक्षात ठेवा. बंद असलेली हार्ड डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त धक्का सोसते, कारण बंद झाल्यावर हेड चकतीवरून बाजूला जाऊन बसतं. लाईट अचानक गेली तरी ते बसतं. चकती आपल्या गतीने फिरत असते, तिच्याच फिरण्यातून थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर हेड घरी पोचतं. भारनियमनात इतके वेळा लाईट जाऊनही डिस्क टिकतात त्या यामुळे. अर्थात तेव्हा जे लिहिणं चाललं होतं ते अर्धवट राहतं, म्हणून यूपीएस हवाच. तर डिस्क जोडलेली असताना टेबलावरून सरकवू नका, हातात उचलून दाखवू नका. काढल्यावर अर्धं मिनिट थांबा, आतली चकती थांबू द्या, मग पिशवीत घाला. त्यानंतर स्कूटीवरून नेलीत तरी चालेल.

रेंगाळणं थरथरीमुळे आहे की डिस्क खरंच जात चाललीय, हे कसं ओळखायचं, असं एका ताईंनी फोनवर विचारलं होतं. गिरणी बंद असतानाही रेंगाळत असेल, टिक टिक किंवा खरखर आवाज येत असेल, फायली उघडताना चूक दाखवत असेल, तर थरथरीला दोष देऊ नका. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ती नोंद दाखवतो. दुरुस्तीवाल्याला ती उघडून दाखवायला सांगा. पिवळं किंवा लाल दिसलं तर त्याच दिवशी नक्कल काढा, बाकीचं नंतर.

आणि शेवटी मोबाईलचा प्रश्न, तो तर चौघींनी विचारला. मोबाईलमध्ये चकती नसते, एसएसडीसारख्या चिपच असतात. गिरणीजवळ ठेवला म्हणून त्यातले हिशेब रेंगाळणार नाहीत. पीठ उडून चार्जिंगचं छिद्र बुजतं, तेवढं मात्र होतं.